वसई धर्मप्रांतातील नेतृत्वबदल

पालघर जिल्ह्यातील वसईच्या रोमन कॅथलिक धर्मप्रांतात बिशपपदाचे झालेले हस्तांतर व त्यामागील विचारविनिमयाची पद्धती. पोर्तुगीज काळापासून ख्रिस्ती वस्ती असलेला हा प्रदेश (माणिकपूरचे संत मायकल चर्च १६०६ मधील आहे) १९९८ पर्यंत मुंबई महाधर्मप्रांतात मोडत असे. त्या वर्षी पोप दुसरे जॉन पॉल यांनी तो वेगळा करून थॉमस डाबरे यांस पहिले बिशप नेमले. २००९ मध्ये डाबरे यांची पुण्यास बदली झाली व नासिकचे बिशप फेलिक्स मच्याडो यांची, आर्चबिशप या वैयक्तिक उपाधीसह, वसईस नियुक्ती झाली.

ल्यूथरन चर्चमध्ये प्रतिनिधिसभा सामान्यतः मतदानाने बिशप निवडते. कॅथलिक पद्धतीत पोपचा राजदूत निवडक धर्मगुरू व प्रापंचिक यांची मते गुप्तपणे घेऊन तीन नावे रोमला पाठवितो. निर्णय पोपचा असतो. गटबाजी व प्रचार यांस त्यामुळे आळा बसतो, हे खरे. तथापि ज्यांच्यासाठी बिशप नेमावयाचा, त्या धर्मग्रामांतील बहुसंख्य भाविकांना ही चर्चा दिसतही नाही. २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी आरंभिलेल्या सिनड प्रक्रियेने सर्वच धर्मप्रांतांस भाविकांचे म्हणणे ऐकण्यास सांगितले. त्या ऐकण्यास मतदानाचे स्वरूप मात्र नव्हते.

बिशपने वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी राजीनामा सादर करावयाचा असतो. मच्याडो यांनी ते वय जुलै २०२३ मध्ये गाठले; मे २०२४ मध्ये थॉमस डिसोजा यांची तिसरे बिशप म्हणून नियुक्ती झाली. बिशपनिवडीत भाविकांस अधिक वाव मिळावा, अशी इच्छा सिनडच्या ऑक्टोबर २०२४ मधील अंतिम दस्तऐवजात नमूद झाली आहे.