नावाचा अर्थ की नावाचा माणूस?

बाप्तिस्म्याआधी आईवडील हमखास विचारतात, "ह्या नावाचा अर्थ काय?" रोमकरांस पत्राच्या 16व्या अध्यायात फिबी आणि हर्मेस भेटतात. फिबी हे आर्तमी देवीचे बिरुद. हर्मेस तर ग्रीकांचा देवच! पौल मात्र त्याच नावांनी त्यांचा आदराने उल्लेख करतो. तिसऱ्या शतकात आलेक्सांद्रियाचा बिशप दिओनुस्य (त्याचे स्वतःचे नाव मद्याच्या देवावरून!) लिहितो, की पेत्र व पौल यांच्यावरील प्रेमापोटी भाविक आपल्या मुलांना ती नावे ठेवतात. पौल म्हणजे 'लहान'. मूल खुजे राहावे म्हणून का कोणी ते ठेवले?

आपल्याकडे 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले टिळक नारायणच राहिले. आपल्या गीतपुस्तकांत कितीतरी गीतांखाली आजही ना. वा. टिळक असेच छापलेले असते.