हेतूचा रकाना : अपघात विभागाच्या नोंदवहीचा इतिहास

आज आपण एका रकान्याचा इतिहास पाहणार आहोत. रुग्णालयाच्या अपघात विभागात, ज्याला आपण सगळे कॅज्युअल्टी म्हणतो, तिथे टेबलावर एक नोंदवही असते. नाव, वय, पत्ता, आणल्याची वेळ, कुणी आणलं, इजा कशाने झाली. बहुतेक रकाने बघून किंवा विचारून भरता येतात. एक मात्र तसा भरता येत नाही. इजा अपघाताने झाली, दुसऱ्या कुणी केली, की माणसाने स्वतःच करून घेतली? हा हेतूचा रकाना. तत्त्वज्ञानात हेतू या एका शब्दावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले. इथे तो रात्री दोन वाजता, पेशंटला सलाइन लावता लावता, दोन शब्दांत लिहायचा असतो. ते दोन शब्द कोण ठरवतं? आणि ते खरे निघावेत म्हणून समाजाला काय करावं लागतं?

सुरुवात लंडनमध्ये होते. सतराव्या शतकात तिथे दर आठवड्याला मृत्यूंची यादी छापली जाई. १६६२ साली जॉन ग्राँट नावाच्या एका व्यापाऱ्याने या याद्यांचा अभ्यास करून पुस्तक काढलं. लोकसंख्येच्या शास्त्राची सुरुवात आपण तिथून मानतो. त्या याद्यांत अपघाती मृत्यूंची ओळ होती, तशी स्वतःचा जीव घेतलेल्यांचीही होती. पण ग्राँटचं मोठेपण आकडे मांडण्यापुरतं नाही. आकडे गोळा कसे होतात, हेही त्याने विचारलं. मृत्यूचं कारण ठरवायला त्या वस्तीतल्या म्हाताऱ्या बायका नेमलेल्या असत. लाज वाटावी असा आजार असला, की घरचे लोक त्यांच्या हातावर काही टेकवत आणि यादीत दुसरंच कारण जाई. ग्राँटने हे सरळ लिहून ठेवलं आहे. म्हणजे आकडेशास्त्राच्या पहिल्याच पुस्तकात आपल्याला सांगितलं गेलं, की लाज नोंद बदलते.

लाजेच्या जोडीला शिक्षाही होती. त्या काळच्या इंग्लंडात आत्महत्या हा गुन्हा होता आणि गुन्हेगाराची मालमत्ता राजा जप्त करी. शिक्षा मेलेल्याला होत नसे, ती त्याच्या विधवेला आणि मुलांना होई. मग मृत्यूची चौकशी करणारे पंच काय करत? माणूस भानावर नव्हता, असा निकाल देत. अठराव्या शतकात असे निकाल इतके नित्याचे झाले, की कायदा कागदावर राहिला आणि दयेपोटी खोटं बोलणं हीच रीत झाली. जप्तीची तरतूद १८७० मध्ये रद्द झाली. आता या दोनशे वर्षांच्या नोंदींवरून किती लोक खरोखर वेडाच्या भरात गेले, हे कुणी ठरवू म्हणेल तर? त्या नोंदी माणसाच्या मनाबद्दल थोडं सांगतात, आणि पंचांच्या मनाबद्दल पुष्कळ.

ही अडचण एमिल दुर्खाइमला चांगली ठाऊक होती. त्याचा आत्महत्येवरचा ग्रंथ १८९७ मध्ये आला. त्याने सरकारी मृत्यूसंख्या वापरल्या; पण त्याच कागदांत आत्महत्येची ‘कारणं’ म्हणून जे लिहिलेलं असे, ते बाजूला ठेवलं. तो माणसाचा हेतू नसून कारकुनाचं मत आहे, असं त्याचं म्हणणं. व्याख्येतूनही त्याने हेतू वगळला. आपल्या कृतीने मृत्यू येणार हे माणसाला माहीत होतं का, एवढंच त्याने विचारलं. पुढे १९६७ मध्ये जॅक डग्लस या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने आणखी खोल बोट घातलं. अमुक मृत्यू आत्महत्या आहे, हे ठरवणंच मुळी माणसांचा निवाडा असतो, आणि तो समाजासमाजात वेगळा पडतो. मग दोन समाजांच्या आकड्यांची तुलना करायची कशी?

हे सगळे मृतांचे हिशेब झाले. जे वाचले त्यांचं काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने, आत्महत्येने गेलेल्या एका प्रौढामागे वीसहून अधिक माणसांनी तसा प्रयत्न केलेला असतो. ही माणसं मृत्यूच्या यादीत नसतात. त्यांतली काही फक्त एकाच सरकारी वा खाजगी टेबलापाशी दिसतात, ते म्हणजे कॅज्युअल्टीचं. आणि ती जिवंत असतात. त्यांना विचारता येतं.

पण विचारायचं तर आधी भीती जायला हवी. इंग्लंडमध्ये आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा १९६१ च्या कायद्याने संपला. त्यानंतर पंधरा वर्षांनी, १९७६ पासून, ऑक्सफर्डच्या रुग्णालयात स्वतःला इजा करून घेऊन येणाऱ्या प्रत्येक माणसाची पद्धतशीर नोंद होऊ लागली. कीथ हॉटन या मनोविकारतज्ज्ञाचं नाव त्या कामाशी जोडलेलं आहे. पुढे मँचेस्टर आणि डर्बीही त्यात आले. आयर्लंडमध्ये कायदा १९९३ मध्ये बदलला, आणि या शतकाच्या सुरुवातीला तिथे सबंध देशाची अशी नोंदणी उभी राहिली. दोन्हीकडे क्रम एकच, हे लक्षात घ्या : आधी शिक्षा गेली, मग खरी नोंद आली.

नोंद झाल्याने काय साधलं? वाचलेल्यांशी बोलल्यावर दिसलं, की पुष्कळांचा तो निर्णय फार आधीपासून ठरलेला नव्हता. असह्य झालेले काही तास, आणि घरात हाताशी असलेली वस्तू. म्हणजे ती वस्तू हाताशी नसती, तर तास निघून जाण्याची शक्यता होती. ब्रिटनमध्ये सप्टेंबर १९९८ पासून एका नेहमीच्या वेदनाशामक गोळीची पाकिटं लहान करण्यात आली. पुढच्या अकरा वर्षांत त्या गोळीने होणारे मृत्यू सुमारे ४३ टक्क्यांनी कमी झाल्याचा अंदाज हॉटन यांच्या गटाने २०१३ मध्ये मांडला. मरायचं ठरवलेला माणूस कसाही मरणारच, असं आपण किती सहज बोलून जातो! त्या वाक्याला या आकड्याने उत्तर दिलं आहे.

आता कार्डिफ. वेल्समधल्या या शहरात जोनाथन शेफर्ड हे जबड्याचे शल्यचिकित्सक. मारामारीत फुटलेले चेहरे शिवता शिवता त्यांच्या ध्यानात आलं, की यातल्या कितीतरी मारामाऱ्या पोलिसांच्या दप्तरात नाहीतच. मग कॅज्युअल्टीच्या खिडकीवरच चार प्रश्न विचारायला सुरुवात झाली : कुठे, केव्हा, कशाने, कुणी. नाव-गाव काढून टाकून ही माहिती पोलिसांना आणि नगरपालिकेला दिली जाई. गस्तीच्या जागा बदलल्या, गर्दीच्या रस्त्यावर वाहनबंदी आली. २०११ च्या अभ्यासात दिसतं, की हिंसेमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचं प्रमाण कार्डिफमध्ये लाखामागे महिन्याला ७ वरून ५ वर आलं. तुलनेच्या शहरांत ते ५ वरून ८ वर गेलं. यातलं ‘नाव-गाव काढून टाकून’ हे सगळ्यात महत्त्वाचं. पोलिसाला जागा कळली, माणूस कळला नाही. म्हणून माणूस बोलला.

आता आपल्याकडे वळू. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत कलम ३०९ होतं : आत्महत्येचा प्रयत्न केल्यास एक वर्षापर्यंत कैद. म्हणून असा पेशंट आला, की डॉक्टर एमएलसी करणार, म्हणजे पोलिसांना कळवणार. आणि म्हणूनच बरोबर आलेली आई, दीर, नवरा आधीच सांगणार, ‘चुकून प्यायली हो’, ‘पाय घसरला’, ‘स्टोव्हचा भडका उडाला’. ग्राँटच्या लंडनमधलीच गोष्ट, फक्त वरण-भाताच्या घरातली. पण यात एक भेद आहे, तो विसरू नये. स्टोव्हच्या भडक्याआड काही वेळा आत्महत्या लपली, तर काही वेळा खून लपला. दयेने बोललेलं खोटं आणि गुन्हा झाकायला बोललेलं खोटं एकाच रकान्यात, एकाच अक्षरात बसतं. खरं सांगणाऱ्यालाच शिक्षेची भीती असेल, तर खोटं सांगणाऱ्याला आयतं आवरण मिळतं.

हे कलम घटनाबाह्य आहे, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये एका पोलीस शिपायाच्या खटल्यात दिला. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयही तेच म्हणालं, आणि १९९६ मध्ये मोठ्या पीठाने ते फिरवलं. शेवटी २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सांगितलं, की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरावं, आणि शिक्षेऐवजी त्याला उपचार द्यावेत. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत ३०९ सारखं सरसकट कलम नाही. अपवाद एकच राहिला : लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न.

म्हणजे इंग्लंडात जे १९६१ मध्ये झालं, तिथे आपण आता पोचतो आहोत. मृत्यूंचा हिशेब आपल्याकडे आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाप्रमाणे २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रात, सर्व राज्यांत सर्वाधिक. विभागाच्या नावात काय आहे, ते पाहा : गुन्हे. हे आकडे पोलीस ठाण्यातून येतात. वाचलेल्यांची माहिती मात्र हजारो नोंदवह्यांत विखुरलेली पडून आहे. नोव्हेंबर २०२२ च्या राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरणाने अशा देखरेखीची व्यवस्था उभारायचं ठरवलं. नमुना शोधायला फार लांब जायला नको. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात पालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांनी या शतकाच्या आरंभी ‘दिलासा’ केंद्र उभं केलं. तिथल्या परिचारिकांना शिकवलं गेलं, की ‘पडले’ म्हणणाऱ्या बाईला बाजूला घेऊन, नातेवाईक नसताना, पुन्हा एकदा विचारायचं. एवढंच. पण दुसऱ्यांदा आणि एकांतात विचारल्याने उत्तर बदलू शकतं.

आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ‘हेतू अनिश्चित’ असाही एक वर्ग आहे. आम्हा तत्त्वज्ञानाच्या लोकांना तो फार आवडतो. ठाऊक नाही, हे प्रामाणिकपणे लिहायची सोय त्यात आहे. मात्र तो आळसाचा रकाना होता कामा नये. विचारून, ऐकून, वेळ देऊनही कळलं नाही, तेव्हाच तो भरावा. दुसऱ्याचं मन आपल्याला थेट दिसत नाही, हे खरंच. पण तो निर्भयपणे सांगू शकेल अशी जागा करून देणं आपल्या हातात असतं, आणि तेवढ्यापुरती ही ज्ञानाची अडचण राहत नाही, ती न्यायाची होते.

जाता जाता एक सांगणं. ऐकणाऱ्यांपैकी कुणी अशा तासांतून जात असेल, किंवा घरात कुणी जात असेल, तर ‘टेली मानस’चा १४४१६ हा क्रमांक आहे; बोलावं. ते तास निघून जातात, हे वाचलेल्यांनीच आपल्याला सांगितलेलं आहे. इथे थांबू. प्रश्न असतील तर घेऊ.