फी भरली, पण कचरा गेला कुठे?

आपला कचरा दुसऱ्याच्या शिवारात नेण्याची रीत जुनी आहे. 1899मध्ये मुंबईचा कचरा रेल्वेने देवनारकडे जाऊ लागला. 2000च्या नियमांनी जबाबदारी टाकली ती नगरपालिकांवर. खोपोली, माथेरान त्यात आले; कर्जत-खालापूरची खेडी बाहेर राहिली. 2016मध्ये कक्षा जनगणना-नगरांपर्यंत वाढली, ‘टिपिंग फी’ची व्याख्याही आली. डम्पिंग ग्राउंडवर कचरा टाकायचा, तर पैसे मोजायचे. पण बघा, तिथे पैसे पडतात म्हटल्यावर खासगी ट्रकवाल्याला फुकटचा ओढा दिसतो. आणि तो ओढा बऱ्याचदा नियमांची हद्द संपायची तिथेच असायचा. फार्महाऊसवाला म्हणतो, ‘मी पैसे दिलेत.’ अहो, पैसे दिले म्हणून जबाबदारी संपते का? कचरा कुठे उतरला, हे पावतीवर असलं पाहिजे. तोवर ती फी नव्हे, नुसतं वाहनभाडं.