हयगयीची दीडशे वर्षे

आमच्याकडे मालवणीत रस्त्यावर माणूस गेला की म्हणतात, ‘गाडयेखाली गावलो’. प्रमाण मराठीतही आपण ‘गाडीखाली आला’, ‘गाडीखाली सापडला’ असेच म्हणतो. वाक्याचा कर्ता मेलेला माणूस. जणू गाडी आपल्या जागी होती आणि हाच तिच्याखाली चालत गेला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या सिंधुदुर्ग पानावर मथळा येतो, ‘अज्ञात वाहनाच्या धडकेत पादचारी ठार’. इथे निदान धडक देणारे काहीतरी आहे. पण ते वाहन आहे, आणि तेही अज्ञात. चालक वाक्यात नाहीच. आत्मघात, विश्वासघात या शब्दांत घात करणारा कोणीतरी असतो. अपघात मात्र होतो. तो कोणी करत नाही.

ही नुसती भाषेची लकब असती तर तिच्यावर संशोधनपर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पण पादचाऱ्याच्या मृत्यूला आपल्या फौजदारी कायद्याने काय किंमत लावली, हे पाहत मागे मागे गेलो, तेव्हा कायद्याचे व्याकरणही असेच घडत गेल्याचे दिसले.

आरंभ १८३७ सालचा. मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने दंडसंहितेचा जो मसुदा केला, त्यात एक कलम होते: माणसाच्या जिवाची योग्य ती कदर नसल्याचे दिसून येईल इतक्या अविचाराने किंवा हयगयीने कोणी मृत्यू घडवला, तर जास्तीत जास्त दोन वर्षे कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. पुढे १८६० साली संहिता मंजूर झाली तेव्हा हे कलम तिच्यात नव्हते. खुनाला शिक्षा होती, सदोष मनुष्यवधाला होती, सार्वजनिक रस्त्यावर बेदरकार वाहन हाकण्याला कलम २७९ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होती. पण हयगयीने जीव गेला तर स्वतंत्र कलम नाही. ही फट १८७०च्या २७व्या अधिनियमाने बुजवली आणि कलम ३०४-अ आले. मसुद्यातली दोन वर्षे तशीच आली. ‘माणसाच्या जिवाची कदर’ हे शब्द मात्र गळून पडले. मला विचाराल तर त्या कलमातला नेमका जीवच गेला.

१८७० साली मालवण हा रत्नागिरी जिल्ह्यातला तालुका होता आणि शेजारी सावंतवाडीचे संस्थान. किनाऱ्यावरची खरी वाहतूक पाण्यावरून चाले: मचवे, पडाव, गलबते. जमिनीवर बैलगाडी, डोली आणि मुख्य म्हणजे पाय. पाणंद, घाटी, साकव हे सगळे शब्द चालणाऱ्याचे आहेत. दोन वर्षांची कमाल मर्यादा ज्या जगात ठरली, त्या जगात रस्त्यावरची सर्वांत वेगवान वस्तू घोडा होती. मर्यादा मात्र १ जुलै २०२४पर्यंत, म्हणजे घोड्यापासून सहापदरी महामार्गापर्यंत, तशीच राहिली.

शेजारीच चोरीचे कलम ३७९ ठेवून पाहावे. चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद. म्हणजे शेजाऱ्याच्या माडावरचे नारळ रात्री उतरवणाऱ्याला कायद्याने तीन वर्षे आत टाकता येत होते, आणि त्याच शेजाऱ्याला रस्त्यावर हयगयीने चिरडणाऱ्याला फार तर दोन. चोराच्या मनात लबाडी असते आणि चालकाच्या मनात नसते, हे या फरकाचे समर्थन. ते अगदीच खोटे नाही. पण लबाडी नसणे आणि पर्वा नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मेकॉलेच्या मसुद्याने बोट ठेवले होते ते दुसरीवर.

मोटार आली ती विलायतेत आधी. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात १७ ऑगस्ट १८९६ रोजी ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाच्या बाईला एका प्रात्यक्षिक मोटारीने ठोकरले. मोटारीच्या धडकेने मेलेली ती ब्रिटनमधली पहिली पादचारी मानली जाते. चौकशीत निर्णय झाला ‘अपघाती मृत्यू’. चालकावर खटला झाला नाही, आणि असे पुन्हा कधी घडू नये अशी आशा कॉरोनरने व्यक्त केली. पुढे तिथे मोटारी वाढल्या तसा वेगळाच पेच उभा राहिला. मनुष्यवधाच्या आरोपाखाली चालकाला दोषी ठरवायला ज्यूरी तयार होईनात; ज्यूरीत बसणारे स्वतः गाडी चालवणारे होते आणि ‘त्याच्या जागी मीही असू शकतो’ हा विचार त्यांना सोडत नसे. म्हणून १९५६च्या कायद्याने धोकादायक वाहन चालवून मृत्यू घडवण्याचा स्वतंत्र, सौम्य वाटावा असा गुन्हा निर्माण करावा लागला, कमाल शिक्षा पाच वर्षे. ती वाढत वाढत २०२२ साली जन्मठेपेपर्यंत गेली आहे.

आपल्याकडे ज्यूरी नाही, पण सहानुभूतीची वाट दुसरीकडून निघाली, आणि ती निघाली मुंबई उच्च न्यायालयातून. १९०२ साली ओंकार रामप्रताप खटल्यात सरन्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांनी ३०४-अ साठी कसोटी घालून दिली: मृत्यू हा आरोपीच्या अविचारी वा हयगयीच्या कृत्याचा थेट परिणाम असला पाहिजे; ते कृत्य निकटचे आणि परिणामकारक कारण असले पाहिजे, मध्ये दुसऱ्या कोणाची हयगय येता कामा नये. सर्वोच्च न्यायालयाने पुढे मुंबईच्या एका रंगाच्या कारखान्यातील आगीच्या खटल्यात (कुर्बान हुसेन रंगवाला) ही कसोटी मान्य केली. कारखान्यासाठी ती रास्तच आहे. रस्त्यावर मात्र ‘मधली हयगय’ नेहमी हाताशी असते: पादचारी अचानक आडवा आला. तो अचानक आडवा आला की गाडी अचानक पुढ्यात आली, हे सांगायला दोघांपैकी एकच उरलेला असतो.

आता हे सारे आपल्या जिल्ह्यात आणून पाहू. मुंबई–गोवा महामार्ग, पूर्वीचा १७ आणि आताचा ६६ क्रमांकाचा, खारेपाटणला जिल्ह्यात शिरतो आणि कणकवली, कसाल, ओरोस, कुडाळ, झाराप करत पत्रादेवीला गोव्यात उतरतो. चौपदरीकरणाने तो रुंद झाला आणि गावे उभी चिरली गेली. घर एका बाजूला, भातशेती दुसऱ्या बाजूला. वाडी इकडे, शाळा आणि देऊळ तिकडे. तेव्हापासून इथल्या निवेदनांत, उपोषणांत तेच तीन-चार शब्द फिरत आहेत: मिडलकट, बॉक्सवेल, सर्व्हिस रोड, गतिरोधक. हे शब्द दिसायला इंजिनिअरचे. पण मागणी एकच, पायी पलीकडे जाता यावे.

हिशेब सोपा आहे. चौपदरी रस्त्यावर मोटारीला २०१८पासून ताशी १०० किलोमीटरची कमाल मर्यादा आहे. म्हणजे सेकंदाला सुमारे २८ मीटर. डोक्यावर भारा असलेली म्हातारी सेकंदाला एक मीटर चालली, तर एका बाजूच्या दोन मार्गिका, साधारण सात मीटर, ओलांडायला तिला सात सेकंद लागतात. तेवढ्यात नियमात चालणारी गाडी १९० मीटरहून जास्त अंतर तोडते. वळणापलीकडची गाडी तिला पाऊल टाकताना दिसलेलीही नसते. आंगणेवाडीची जत्रा, दशावताराच्या रात्री, चतुर्थीला आलेले चाकरमानी, या दिवसांत तर अंधारात रस्त्याकडेने चालणारी माणसे हीच इथली वाहतूक असते. छेदरस्ता, चौक, पादचारी मार्ग जवळ आला की वेग कमी करावा, असे २०१७पर्यंत लागू असलेले १९८९चे रस्त्याचे नियम सांगत. नियम चालकासाठी होता. फलक मात्र जागेसाठी लागतो, ‘अपघातप्रवण क्षेत्र’. आमचे जुने लोक म्हणतात, ती जागाच वायट, राखणदाराक नारळ देवक् व्हयो. सरकारी फलक आणि हा नारळ यांत मला तत्त्वाचा फारसा फरक दिसत नाही. दोन्हींत दोष जागेचा.

फिर्यादीची भाषा सगळीकडे ठरलेली असते: ‘हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगाने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून’. वाचताना वाटते, आता सुटका नाही. पण खटला उभा राहतो तेव्हा एकेक शब्द पुराव्याने सिद्ध करावा लागतो. ‘भरधाव’ म्हणजे किती? सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली कर्नाटक राज्य विरुद्ध सतीश या खटल्यात सांगितले की नुसता वेग म्हणजे हयगय नव्हे. साक्षीदाराच्या मनात ‘भरधाव’ म्हणजे काय, हे पुराव्यात आले पाहिजे. निकाल तर्काला धरून आहे. पण घटनास्थळ पंचनाम्यात टायरच्या घासल्याच्या खुणांची लांबीच नोंदली नसेल, तर वेग पुढे कोण सांगणार? मग दुसरा प्रश्न, चालवत कोण होते? वांद्र्यात २८ सप्टेंबर २००२च्या रात्री फुटपाथवर झोपलेल्यांवर गाडी चढली, एक गेला, चार जखमी झाले. अभिनेता सलमान खान याला ६ मे २०१५ रोजी सत्र न्यायालयाने पाच वर्षांची शिक्षा दिली आणि त्याच वर्षी १० डिसेंबरला उच्च न्यायालयाने आरोप संशयापलीकडे सिद्ध झाले नाहीत म्हणून त्याची निर्दोष मुक्तता केली. सुनावणीला तेरा वर्षे लागली. मोठ्या माणसाच्या खटल्यात हे. मग आडवाटेच्या खटल्यात साक्षीदार दहा वर्षांनी काय सांगणार?

शिक्षा झालीच, तर किती, हा पुढचा भाग. इथे वरच्या न्यायालयाने खालच्यांना वारंवार टोकले आहे. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी १९७९ साली रतन सिंग या ट्रकचालकाच्या खटल्यात दोन वर्षांची शिक्षा कमी करायला नकार दिला. चालक गरीब आहे, कुटुंब मोठे आहे, हे त्यांनी ऐकून घेतले. पण मेलेल्याच्या घरच्यांचे काय, असाही प्रश्न त्यांनी त्याच निकालात टाकला, आणि चालकाला शिक्षेबरोबर नीट गाडी चालवण्याचे शिक्षणही द्यावे असे सुचवले. ती सूचना कुठे गेली ते विचारू नये. २००० साली दलबीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ३०४-अ मधल्या दोषी चालकाला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडून देण्याविरुद्ध स्पष्ट बजावले. बजावावे लागले, यावरूनच प्रघात काय होता ते कळते.

या इतिहासातले सर्वांत बोलके प्रकरण मात्र मुंबईच्या कार्टर रोडचे. १२ नोव्हेंबर २००६च्या पहाटे फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर मोटार चढली. सात ठार, आठ जखमी. चालक ॲलिस्टर परेरा याला सत्र न्यायालयाने एप्रिल २००७मध्ये सहा महिने साधी कैद आणि पाच लाख रुपये दंड दिला. मजुरांमागे भागले तर माणशी महिनाही भरत नाही. लोकक्षोभ झाला, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि सप्टेंबरमध्ये त्याला सदोष मनुष्यवधाबद्दल, कलम ३०४ भाग दोनखाली, तीन वर्षांची सक्तमजुरी सुनावली. सर्वोच्च न्यायालयाने १२ जानेवारी २०१२ रोजी ती कायम केली आणि वर नोंदवले की शिक्षा अपुरीच आहे, पण राज्य सरकारने वाढीसाठी अपीलच केलेले नाही. माझ्या मते त्या निकालातले सर्वांत जड वाक्य हेच. अपील करणे सरकारच्या हातात होते.

कायदा बदलावा असे सांगणारे अहवाल तोवर धूळ खात होतेच. विधी आयोगाने १९७१च्या ४२व्या अहवालात पाच वर्षे सुचवली होती, २००९च्या २३४व्या अहवालात दहा. अखेर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ने १ जुलै २०२४पासून मर्यादा पाच वर्षांवर नेली. त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात, अपघात करून पोलिसांना वा दंडाधिकाऱ्याला न कळवता पळणाऱ्याला दहा वर्षे, अशी तरतूद होती. तिच्याविरुद्ध जानेवारी २०२४च्या पहिल्याच दिवशी ट्रकचालकांनी चाके थांबवली, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, आणि ते पोटकलम तेवढे बाजूला ठेवून बाकी संहिता अमलात आली.

चालकांचे म्हणणे होते, थांबलो तर जमाव मारतो. हे नाकारता येत नाही. खुद्द मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४मध्ये ‘जमावाचा रोष’ हे न थांबण्याचे कारण म्हणून लिहिलेले आहे. शिवाय चालक बहुधा दुसऱ्याची गाडी हाकणारा, झोपेला मुकलेला पगारी माणूस असतो, आणि फेरी वेळेत घालायला सांगणारा मालक आरोपपत्रात नसतो. म्हणून दहा वर्षांचा आकडा मला फारसा मोहवत नाही. मोजक्यांना जबर शिक्षा आणि बहुतेकांना काहीच नाही, यापेक्षा प्रत्येक दोषी चालकाचा परवाना न चुकता निलंबित होणे आणि पंचनामा तासाभरात, मोजपट्टी लावून होणे अधिक भारी आहे. परवान्याचा अधिकार न्यायालयाला आजही आहे. तो किती वेळा वापरला जातो, हे निकालपत्रांच्या शेवटच्या परिच्छेदात पाहावे.

पळून गेलेल्या गाडीने मारलेल्याच्या वारसांना सरकार जे देते, त्याचाही इतिहास छोटा आहे: १९८२ साली ५,००० रुपये, १९८८च्या कायद्याने ८,५००, १९९४ साली २५,०००, आणि मग थेट १ एप्रिल २०२२पासून दोन लाख. मधली अठ्ठावीस वर्षे माणसाचा भाव पंचवीस हजारांवर थिजलेला होता. त्या एकट्या २०२२ सालात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत ३२,८२५ पायी चालणारी.

१८ ऑगस्ट २०२५पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच बसू लागले आहे आणि सिंधुदुर्ग त्याच्या कक्षेत आहे. मालवणच्या दंडाधिकाऱ्यापासून ओरोसच्या जिल्हा न्यायालयापर्यंत आणि तिथून फोंडा घाट किंवा गगनबावडा चढून वर, असा आता फायलीचा रस्ता. शिक्षा कमी वाटली म्हणून सरकारतर्फे त्या रस्त्याने जाणारे पहिले अपील कोणत्या प्रकरणातले असेल, याकडे माझे लक्ष आहे.