नांगराला जुंपलेले तीन घोडे

९ मार्च १९३७ च्या रात्री अमेरिकेतील असंख्य कुटुंबे आपापल्या घरी रेडिओभोवती जमली होती. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट बोलणार होते. शेकोटीपाशी बसून घरच्या माणसांशी बोलावे तशा त्यांच्या भाषणांची त्या देशाला चार वर्षांत सवय झाली होती. त्या रात्री त्यांनी एक दृष्टान्त दिला. राज्यघटनेने अमेरिकन जनतेला शेत नांगरण्यासाठी तीन घोडे दिले आहेत: कायदेमंडळ, कार्यकारी सत्ता आणि न्यायालये. त्यांपैकी दोन आज एकदिलाने ओढीत आहेत, तिसरा मात्र ओढीत नाही. राष्ट्राध्यक्ष हे घोडे हाकू पाहतात, या आक्षेपावरही त्यांच्याजवळ उत्तर तयार होते. मी स्वतः या तिघांतला एक घोडा आहे, हाकणारी आहे ती जनता, असे ते म्हणाले.

दृष्टान्त सुबक होता. आपल्याकडे कोणी घोड्यांच्या जागी बैल घातले असते, एवढेच. परंतु १७८७ साली फिलाडेल्फिया येथे ज्यांनी ती घटना लिहिली, त्यांनी तिन्ही जनावरांना एकाच दिशेने ओढण्यासाठी जुंपले होते काय? त्यांना धास्ती होती ती नेमकी उलट गोष्टीची. तिघेही एकाच वेळी एकाच बाजूस धावू लागले, तर शेताचे काय होईल, ही त्यांची चिंता. म्हणून त्यांनी एकाच्या लगामाचे टोक दुसऱ्याच्या दावणीस बांधून ठेवले. न्यायमूर्तींची नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतो, पण सिनेटच्या संमतीने. एकदा नेमलेला न्यायमूर्ती सद्वर्तन असेपर्यंत तहहयात राहतो. कायदा काँग्रेस करते (काँग्रेस म्हणजे तेथील कायदेमंडळ, पक्ष नव्हे), आणि तो घटनेशी विसंगत असल्यास न्यायालय तो अमान्य करते. हा शेवटचा अधिकार घटनेत स्पष्ट शब्दांत लिहिलेला नाही; सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी १८०३ मध्ये तो प्रस्थापित केला.

१९३७ चे भांडण समजावयाचे, तर त्याआधीची चार वर्षे डोळ्यांसमोर आणिली पाहिजेत. १९२९ च्या कोसळीनंतर देश महामंदीत सापडला होता. रूझवेल्ट अधिकारावर आले त्या वेळी सुमारे एक चतुर्थांश कामकरी वर्ग बेकार होता. त्यांनी आणि काँग्रेसने मिळून ‘न्यू डील’ या नावाने ओळखला जाणारा कायद्यांचा सपाटा लावला. सर्वोच्च न्यायालयातील नऊ न्यायमूर्तींपैकी व्हॅन डेव्हँटर, मॅक्रेनॉल्ड्स, सदरलँड व बटलर हे चौघे या धोरणाचे कट्टर विरोधक. ब्रँडाइस, स्टोन व कार्डोझो हे तिघे कायदेमंडळाला मोकळीक द्यावी अशा मताचे. उरले सरन्यायाधीश ह्यूज आणि ओवेन रॉबर्ट्स. सबंध देशाचे अर्थकारण पुष्कळ वेळा या दोघांच्या मनावर तोलले जाई.

पहिला मोठा घाव बसला तो कोंबड्यांच्या एका खटल्यात. ब्रुकलिनमधील शेक्टर बंधू कोंबड्यांचे व्यापारी. सरकारी नियमसंहितेप्रमाणे किरकोळ दुकानदाराने खुराड्यातून हवी ती कोंबडी निवडून न घेता हाती येईल ती घ्यावयाची होती. शेक्टर बंधू गिऱ्हाइकाला निवडू देत. रोगट कोंबडी विकल्याचाही आरोप होता. २७ मे १९३५ रोजी न्यायालयाने निकाल दिला आणि कोंबड्यांसह औद्योगिक पुनरुत्थानाचा कायदाच मोडीत निघाला. तो निकाल एकमताचा होता, हे विसरता कामा नये. उदारमतवादी ब्रँडाइसही त्यात होते. काँग्रेसने आपला कायदे करण्याचा अधिकार असा मोघमपणे राष्ट्राध्यक्षांच्या हवाली करता कामा नये, हे न्यायालयाचे म्हणणे आजही टाकाऊ वाटत नाही. रूझवेल्ट मात्र संतापले. न्यायालयाने आम्हांस घोडागाडीच्या युगात परत नेले, असे ते पत्रकारांना म्हणाले. पुढे जानेवारी १९३६ मध्ये शेतीसाहाय्याचा कायदा सहा विरुद्ध तीन मतांनी गेला. जूनमध्ये न्यूयॉर्क राज्याचा स्त्रियांच्या किमान वेतनाचा कायदा पाच विरुद्ध चार मतांनी गेला. संघराज्य सरकारने करू नये आणि राज्यानेही करू नये, तर मग करावे तरी कोणी? हा प्रश्न त्या वेळी केवळ रूझवेल्टच्या पक्षानेच विचारला असे नाही.

नोव्हेंबर १९३६ च्या निवडणुकीत रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. मेन आणि व्हरमाँट एवढीच हातची गेली. सिनेटच्या ९६ जागांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक जागा त्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाकडे. परंतु पहिल्या सबंध कारकिर्दीत त्यांना सर्वोच्च न्यायालयावर एकही न्यायमूर्ती नेमता आला नव्हता. कोणी निवृत्त होईना, कोणी मरेना.

५ फेब्रुवारी १९३७ रोजी त्यांनी आपला बेत उघड केला. सत्तर वर्षे उलटलेला आणि दहा वर्षे सेवा झालेला न्यायमूर्ती सहा महिन्यांत निवृत्त न झाल्यास त्याच्या जोडीला एक नवा न्यायमूर्ती नेमण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना असावा. सर्वोच्च न्यायालयात अशी भर सहापर्यंत घालता येणार होती; आणि सत्तरी गाठलेले न्यायमूर्ती त्या दिवशी बरोबर सहाच होते! कारण काय दिले? तर वृद्ध न्यायाधीशांना कामाचा उरक होत नाही. खरे कारण पोटात आणि हे ओठात, हे शाळकरी पोरालाही कळले असते. गंमत अशी की, कनिष्ठ संघन्यायालयांसाठी असलीच योजना पूर्वी एका ॲटर्नी जनरलने सुचविली होती, आणि तो गृहस्थ म्हणजे विरोधी चौकडीतले मॅक्रेनॉल्ड्सच. ॲटर्नी जनरल होमर कमिंग्ज यांनी ती बरोबर हुडकून काढली होती.

ही योजना घटनाबाह्य होती काय? मुळीच नाही. न्यायमूर्ती किती असावेत हे घटना सांगत नाही. ते साध्या कायद्याने ठरते. १७८९ मध्ये सहा होते, १८०७ मध्ये सात झाले, १८३७ मध्ये नऊ, १८६३ मध्ये दहा. १८६६ मध्ये काँग्रेसने ती संख्या सातापर्यंत उतरविण्याचे ठरविले, आणि अँड्र्यू जॉन्सन या तिच्याशी न पटणाऱ्या राष्ट्राध्यक्षाला एकही नेमणूक करता आली नाही. १८६९ पासून नऊ. म्हणजे रूझवेल्ट यांच्या हाती शब्दाने घटना होती, मागे जनमताचा कौल होता, सभागृहात बहुमत होते. तरीही ते हरले. कसे हरले, हाच या इतिहासातला मनोरंजक भाग आहे.

पहिली चूक त्यांची स्वतःची. आपल्या पक्षाच्या पुढाऱ्यांना त्यांनी ही योजना सांगितली ती जाहीर करण्याच्या दिवशी सकाळी. व्हाइट हाउसमधून परतताना मोटारीतच प्रतिनिधिगृहाच्या न्यायसमितीचे अध्यक्ष हॅटन समनर्स, हे स्वतः डेमोक्रॅट, यांनी आपण यात नाही असे सोबत्यांना सांगून टाकले. अमेरिकन कायदेमंडळात विधेयकाचे जीवनमरण समितीच्या खोलीत ठरत असते. तेव्हा विधेयक आधी सिनेटकडे न्यावे लागले. तेथे उपराष्ट्राध्यक्ष गार्नर यांनी एका हाताने नाक धरून दुसऱ्या हाताचा अंगठा जमिनीकडे वळविला, असे सांगतात. अल्पसंख्य रिपब्लिकनांनी शहाणपणा केला: ते गप्प बसले. घरच्या भांडणात शेजाऱ्याने तोंड घातले की घरचे एक होतात, हे त्यांना ठाऊक होते. विरोधाचे नेतृत्व आले माँटानाचे डेमोक्रॅट सिनेटर बर्टन व्हीलर यांच्याकडे, आणि ते तर सुधारणावादी म्हणून गाजलेले. बाहेरून दडपण आणण्याची यंत्रेही चालू झाली. वृत्तपत्रांच्या साखळीचे मालक फ्रँक गॅनेट यांनी घटनारक्षणासाठी समिती स्थापून देशभर पत्रकांचा पाऊस पाडला. सिनेटरांच्या मेजांवर पत्रांचे आणि तारांचे ढीग साचू लागले. जी जनता हाकणारी म्हणून रूझवेल्ट यांनी पुढे केली होती, तिच्यातील पुष्कळांना त्यांचे कायदे हवे होते, पण न्यायालयाला हात लावलेला नको होता.

न्यायमूर्तींनी जाहीर वाद घालावयाचा नसतो. तथापि ब्रँडाइस यांच्या सूचनेवरून व्हीलर यांनी सरन्यायाधीशांशी संपर्क साधला, आणि ह्यूज यांनी एक पत्र लिहून दिले. २२ मार्च रोजी समितीपुढे ते वाचून दाखविण्यात आले. न्यायालयाचे काम तुंबलेले नाही; उलट न्यायमूर्ती वाढले म्हणजे ऐकणारे, चर्चा करणारे आणि ज्यांची खात्री पटवावयाची असे लोक वाढतील, एवढाच त्याचा मथितार्थ. घटनेविषयी एक आवेशाचा शब्द नाही. सरकारने दिलेल्या कारणाचे मात्र त्या पत्राने कंबरडे मोडले.

आणि आठवड्याच्या आत, २९ मार्चला, नवल घडले. वॉशिंग्टन राज्यातील वेनाची गावच्या एका हॉटेलात खोल्या झाडणाऱ्या एका स्त्रीने आपल्या पगारातील फरक मागितला होता. राज्याच्या कायद्याने अठ्ठेचाळीस तासांच्या आठवड्यास साडेचौदा डॉलर ठरलेले. तिला कमी मिळत. थकलेली रक्कम २१६ डॉलर १९ सेंट. पॅरिश खटला या नावाने तो प्रसिद्ध आहे. दहा महिन्यांपूर्वी न्यूयॉर्कचा किमान वेतनाचा कायदा मोडणाऱ्या न्यायालयाने हा कायदा पाच विरुद्ध चार मतांनी मान्य केला. या वेळी रॉबर्ट्स दुसऱ्या बाजूस होते. एप्रिलमध्ये कामगारसंबंधांचा कायदा टिकला, मेमध्ये सामाजिक सुरक्षेचा. वेळीच घातलेला एक टाका नऊ टाके वाचवितो, अशी इंग्रजीत म्हण आहे. ती फिरवून विनोदी लोक म्हणू लागले की, वेळीच फिरलेल्या एका मताने नऊ न्यायमूर्ती वाचले.

ही कोटी इतकी चपखल आहे की अनेकांनी तिलाच इतिहास मानले. पण तारखा तिच्या विरुद्ध साक्ष देतात. पॅरिश खटल्यात रॉबर्ट्स यांनी न्यायमूर्तींच्या बैठकीत आपले मत दिले ते १९ डिसेंबर १९३६ रोजी. त्या वेळी रूझवेल्ट यांचा बेत कोणालाच माहीत नव्हता. स्टोन आजारी असल्याने मते चार-चार झाली आणि निकाल लांबला. तेव्हा धमकीने न्यायमूर्ती वाकले, हे म्हणणे टिकत नाही. मग नोव्हेंबरच्या निवडणुकीचा काही परिणाम झाला असेल काय? माझ्या मते तो नाकारणेही कठीण आहे. न्यायमूर्ती आभाळात राहत नाहीत. तेही वर्तमानपत्र वाचतात. मात्र मनातील अशा हालचालींचा पुरावा कोणत्याच दप्तरात सापडत नसतो.

या निकालांनी रूझवेल्ट यांच्या विधेयकाची निकड हरपली. १८ मे रोजी व्हॅन डेव्हँटर यांनी निवृत्ती जाहीर केली. निवृत्त न्यायमूर्तींस पूर्ण पगार चालू ठेवणारा कायदा मार्चमध्येच झाला होता. पोलादी तत्त्वांच्या गोष्टी चालल्या असताना पेन्शनाचा एक साधा कायदाही इतिहासाला केवढे वळण देतो! त्याच दिवशी सिनेटच्या न्यायसमितीने विधेयकाविरुद्ध दहा विरुद्ध आठ मते दिली. तरी रूझवेल्ट मागे हटेनात. सिनेटमधील बहुमताचे नेते, आर्कान्साचे जोसेफ रॉबिन्सन, यांनी सौम्य केलेले विधेयक घेऊन जुलैच्या उकाड्यात झुंज मांडली. पहिली रिकामी जागा आपणास मिळेल अशी त्यांची अपेक्षा होती, आणि कित्येक सिनेटर केवळ त्यांच्या शब्दाखातर बांधलेले होते. १४ जुलैच्या सकाळी रॉबिन्सन आपल्या घरी मृत आढळले. ज्यांनी शब्द दिला होता ते शब्दातून मोकळे झाले. २२ जुलैला सिनेटने ७० विरुद्ध २० मतांनी विधेयक समितीकडे परत धाडले. त्यानंतर ते वर आले नाही.

मग जिंकले कोण? रूझवेल्ट यांना हवे होते ते न्यायालयाकडून मिळाले. १९४३ पर्यंत त्यांनी आठ नवे न्यायमूर्ती नेमले आणि स्टोन यांना सरन्यायाधीश केले, तेही नवाचा आकडा न बदलता, काळाची वाट पाहून. पण त्यांच्या पक्षात जी भेग पडली ती बुजली नाही. १९३८ मध्ये आपल्या विरोधी डेमोक्रॅटांना पाडण्याचा त्यांनी प्रयत्न केला, तो बहुतेक ठिकाणी फसला. आणि न्यायमूर्तींची संख्या वाढविणे कायद्याने शक्य असूनही करण्याजोगे नाही, असा एक अलिखित दंडक त्या उन्हाळ्यात घडला. २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी या प्रश्नावर आयोग नेमला, तेव्हा त्यानेही संख्यावाढीच्या बाजूने वा विरुद्ध कौल देण्याचे टाळले.

या प्रकरणाचा एक धागा आपल्या घटनेपर्यंत येऊन पोहोचला आहे. रूझवेल्ट यांनी १९३९ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्तींत फेलिक्स फ्रँकफर्टर हे एक होते. १९४७ च्या अखेरीस आपल्या घटनासमितीचे सल्लागार बेनेगल नरसिंह राव अमेरिकेत गेले असता त्यांची फ्रँकफर्टर यांच्याशी भेट झाली. व्यक्तिस्वातंत्र्य ‘कायद्याच्या यथोचित प्रक्रिये’वाचून हिरावले जाऊ नये, या अमेरिकन शब्दयोजनेचा आधार घेऊनच तेथील जुन्या न्यायमूर्तींनी वेतनाचे आणि कामाच्या तासांचे कायदे मोडले होते. ती योजना स्वीकारू नका, मूठभर न्यायाधीशांच्या हाती एवढा नकाराधिकार लोकशाहीस धरून नाही आणि न्यायालयावरही तो अन्याय्य भार आहे, असे फ्रँकफर्टर यांनी सांगितले. मसुद्यात ‘कायद्याद्वारे प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ हे शब्द आले. १३ डिसेंबर १९४८ रोजी या कलमावर घटनासमितीत बोलताना डॉ. आंबेडकरांनी दोन्ही बाजूंचे धोके मांडले. कायदेमंडळ पक्षाच्या भरात मूलभूत हक्क तुडवील ही एक भीती, आणि पाच-सहा न्यायाधीश आपल्या मनाच्या कलाप्रमाणे कायदे रद्द करतील ही दुसरी. दोहोंतून कोणती पत्करावी हे स्वतः न सांगता त्यांनी निर्णय सभागृहावर सोपविला. सभागृहाने मसुद्यातील शब्द कायम ठेवले, आणि एकविसाव्या कलमात ते आजही आहेत. मात्र १९७८ च्या मनेका गांधी खटल्यात ती कार्यपद्धती न्याय्य व वाजवी असलीच पाहिजे असे सांगून आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा अर्थ पुष्कळसा अमेरिकन वळणावर आणून ठेवला.