मैदान सगळ्यांचं, जिना कुणाचा?

2012च्या जुलैअखेर मुंबई महापालिकेने वारसा यादीत घालायच्या नव्या वास्तूंची आणि परिसरांची यादी जाहीर केली. दादरचा शिवाजी पार्क परिसर तिच्यात होता. आपली गल्ली ऐतिहासिक ठरतेय म्हटल्यावर लोक खूश होतील, असं कुणालाही वाटेल. झालं उलटंच. रहिवाशांनी हरकती घेतल्या, राजकीय पक्षही विरोधात उतरले, आणि सुनावणीसाठी माजी मुख्य सचिव दिनेश अफझुलपूरकर यांची समिती नेमावी लागली.

या लोकांना इतिहासाचं वावडं होतं का? मुळीच नाही. शिवाजी पार्कचा माणूस कट्ट्यावर बसला की इतिहासच तर सांगत असतो!

हा परिसर असा दिसतो त्यामागे एक साथ आहे. 1896मध्ये मुंबईत प्लेग आला. दाटीवाटीच्या, अंधाऱ्या वस्त्यांत माणसं पटापट मरू लागली. त्यानंतर 1898मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. रुंद रस्ते, घरांभोवती मोकळी जागा, मोजके मजले, खेळायला मैदान ही दादर-माटुंग्याची घडी त्याच विचारातून बसली. 1925मध्ये माहीम पार्क म्हणून खुलं झालेलं मैदान 1927मध्ये शिवरायांच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं. त्यासाठी नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांनी पुढाकार घेतला होता. पुढे मैदानाभोवती गोलसर बाल्कन्यांच्या, बुटक्या इमारती उभ्या राहिल्या.

म्हणजे आपल्याला आवडणारा हा मोकळेपणा आपोआप आलेला नाही. तो नियमांनीच घडवला. मग तो टिकवणारा नियम लोकांना का खुपला?

उत्तर दुसऱ्या एका कायद्यात आहे. 1947च्या भाडे नियंत्रण कायद्याने बहुतेक जुन्या घरांचं भाडं 1 सप्टेंबर 1940च्या पातळीला बांधून टाकलं. युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरू वाचला, हे खरंच. पण महागाई वाढत गेली आणि भाडं तिथेच राहिलं. मालकाने डागडुजी सोडून दिली. सज्जे गळू लागले, सळया उघड्या पडल्या. आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजी लिफ्ट नाही म्हणून घरातच अडकल्या.

यातून सुटायचा बहुतेकांना दिसणारा एकच मार्ग म्हणजे रीडेव्हलपमेंट. त्याचा हिशोब सोपा आहे. बिल्डर जुन्या रहिवाशांना फुकट नवं घर देतो आणि तो खर्च वरचे जादा मजले विकून काढतो. वारसा परिसरात नवी इमारत बांधायला सरसकट बंदी नसते, पण तिची उंची आणि रूप आजूबाजूशी जुळावं लागतं. उंची अडली की मजले कमी होतात. मजले कमी झाले की बिल्डर पाठ फिरवतो. मुंबईचे वारसा नियम 1995चे. बुडालेल्या बांधकामाच्या बदल्यात हस्तांतरणीय विकास हक्क द्यायची सोय त्यांत आहे. पण तो हक्क मालकाच्या पदरात पडतो. भाडेकरूचे गुडघे त्याने बरे होत नाहीत.

याच शहरात याच्या उलटही घडलंय. ओव्हल मैदानाच्या एका बाजूला गॉथिक न्यायालय आणि विद्यापीठ, तर दुसऱ्या बाजूला 1930च्या दशकातल्या आर्ट डेको इमारती. त्यांतल्या कित्येकांत आजही लोक राहतात. 2018मध्ये या परिसरातल्या 94 इमारतींचा समूह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. त्यासाठी वर्षानुवर्षं खटपट करणाऱ्यांत तिथल्या रहिवाशांच्या संघटना पुढे होत्या. तिथे पैसा जास्त आहे, हे मान्य. पण फरक फक्त पैशाचा नाही. ओव्हलला लोकांनी दर्जा मागितला. शिवाजी पार्कला तो यादीतून कळला.

गल्लीला ऐतिहासिक ठरवणं म्हणजे तिथल्या माणसांना सांगणं, की तुमचं घर आता थोडंसं सगळ्या शहराचं आहे. मग त्या घराचा गळका सज्जाही थोडासा सगळ्या शहराचा व्हायला हवा. डागडुजीला पैसा, जुन्या जिन्याशेजारी लिफ्ट बसवायला परवानगी, भाडेकरूच्या हक्काची हमी, हे सगळं यादीच्या आधी ठरायला हवं. नाहीतर मैदानावरून दिसणारं आकाश आपण सगळे वापरणार आणि त्याचं भाडं तिसऱ्या मजल्यावरच्या आजी भरणार.