चेहऱ्यामागची जागा : वेगवान पोर्ट्रेट लेन्सची गोष्ट

मंडळी, फिल्म कॅमेऱ्यांच्या नादाला लागलेल्या तरुण मुलांशी बोललात, तर एका लेन्सचं नाव हमखास निघतं. पेंटॅक्स ६७ या कॅमेऱ्याची १०५ मिलिमीटर, एफ २.४. हा कॅमेरा १९६९ सालचा. त्याच वर्षी ऑक्टोबरात इथून जवळच तारापूरच्या अणुवीज केंद्राचं व्यावसायिक वीजउत्पादन सुरू झालं. योगायोगच, पण तो लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आधी ही लेन्स वेड का लावते ते पाहू. मीडियम फॉरमॅटसाठी १२० नंबरचा रोल लागतो. कोडॅकनं तो १९०१ साली काढला, रुंदी साधारण सहा सेंटिमीटर. त्यावरची ६×७ची निगेटिव्ह नेहमीच्या ३५ मिलिमीटरवाल्या निगेटिव्हच्या साडेचार पट मोठी असते. निगेटिव्ह मोठी, म्हणून तेवढंच दृश्य टिपायला लेन्स लांब लागते. आणि लेन्स लांब असून तिचं छिद्रही मोठं असलं, की फोकसची पट्टी अगदी अरुंद होते. दीड मीटरवर माणूस बसवा, छिद्र एफ २.४ ठेवा : जेमतेम सहा सेंटिमीटर जाडीचा पट्टा स्पष्ट येतो. डोळे धारदार, कान विरघळायला लागलेले, आणि मागची भिंत म्हणजे नुसता रंग.

आज लोक या विरघळण्यासाठीच पैसे मोजतात. पण वेगवान लेन्स जन्माला आली ती त्यासाठी नाही!

१८४० साली व्हिएन्नात योझेफ पेट्झवाल या गणिताच्या प्राध्यापकानं पोर्ट्रेटसाठी लेन्स आखली, आणि फोक्टलेंडर कंपनीनं ती बनवली. छिद्र साधारण एफ ३.६. त्याआधीची शेव्हालिए लेन्स एफ १५च्या आसपास होती. म्हणजे सोळा-सतरा पट जास्त प्रकाश आत आला. अडचण होती ती बसणाऱ्या माणसाची. मिनिटं-मिनिटं न हलता कोण बसणार? मान धरायला लोखंडी आधार लावायचे. या लेन्सनं ती शिक्षा काही सेकंदांवर आणली. कडांना चित्र भोवऱ्यासारखं फिरायचं, पण तो दोष म्हणून चालवून घेतला होता. आता तोच दोष मुद्दाम बनवून विकतात, ते सोडा.

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या कार्यकारिणीवर होते. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला आणि हरिश्चंद्र चिंतामण तिथे शिकले. याच काळातल्या विल्यम जॉन्सनचं मुंबईतल्या जातीजमातींवरचं पुस्तक मला फार महत्त्वाचं वाटतं. १८६३ आणि १८६६ साली त्याचे दोन खंड निघाले. त्यातली माणसं एका ठिकाणी टिपलेली आणि मागचं दृश्य दुसरीकडचं, नंतर जोडलेलं. म्हणजे जागा ही चेहऱ्यापासून सुटी करता येणारी वस्तू आहे, हे इथे तेव्हाच ठरून गेलं होतं.

पुढे गावोगावच्या स्टुडिओंत ती जागा पडद्यावर रंगवली गेली. खांब, कारंजं, बाग. कॅमेरा बहुधा याशिकाचा दोन भिंगांचा, एफ ३.५ लेन्सचा. पण फोटोग्राफर छिद्र बारीक करून आठ-अकरावर नेई आणि दिवे वाढवी. कारण साधं आहे : गिऱ्हाइकाला पडदा दिसायला हवा होता. पडदा धूसर केला असता तर त्यानं फोटो परत केला असता.

बोईसरला कारखाने आले तसा आणखी एक फोटो आला, ओळखपत्राचा. मागे पांढरं कापड, पुढे माणूस. इथे जागा पुसायची होती ती नियम म्हणून. वेगवान लेन्स तीच पुसते, पण देखणेपणानं.

यावर कोणी म्हणेल, नुसती धूसर भिंत, एवढं काय त्यात? आता ते १९६९ साल आठवा. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्ट्यांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठली. २००५-०६मध्ये त्या भट्ट्या चालू झाल्या. अशा गावातला एखाद्या आजीचा फोटो समजा कुणाच्या ट्रंकेत आहे. अंगणात बसवून साध्या बॉक्स कॅमेऱ्यानं, आग्फा क्लिकसारख्या, काढलेला. त्याचं छिद्र मुळातच बारीक. त्यामुळे आजीबरोबर ओटा येतो, दाराची चौकट येते, वाळत घातलेली जाळी येतात. चेहरा तितका ‘कलात्मक’ नसेल. पण ते घर आता फक्त तिथेच आहे. तोच फोटो एफ २.४वर काढला असता तर आजी सुंदर आली असती आणि घर दोनदा गेलं असतं.

म्हणून लेन्सवर राग धरायचा का? मुळीच नाही. डहाणू-जव्हारकडे कारवीच्या कुडाचं घर असतं, खिडकी जवळजवळ नाहीच. भर पावसात तिथे दारातून येईल तेवढाच उजेड. फ्लॅश मारला की माणूस दचकतो, चेहरा सपाट होतो. एफ अकराच्या तुलनेत एफ २.४ एकवीस पट प्रकाश घेते, आणि त्या अंधारात माणूस आहे तसा मिळतो. पेट्झवालनं ज्यासाठी खटपट केली, ते काम हेच. (पेंटॅक्सचा आरसा मात्र दार आपटावं तसा आपटतो, तिथे तिपाई न्या.)

उघड्यावर, भरपूर उजेडात ही लेन्स पूर्ण उघडी ठेवायची सवय लागते, तेवढ्याबद्दल माझी तक्रार आहे. आता वाढवण बंदराचं काम होऊ घातलंय आणि किनाऱ्यावर कॅमेरे घेऊन जाणारे तुमच्यातही असतील. एक रोल म्हणजे ६×७च्या दहा फ्रेम, महाग पडतात, मान्य. तरी दहातल्या दोन एफ अकरावर काढा, आणि फोटोच्या पाठीमागे शिसपेन्सिलीनं जागेचं नाव लिहा, पाड्यासकट.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.